कर्ता कोण, तेवढं सांगा : नागपूरच्या धर्मोपदेशकांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरातले सर्व कीर्तनकार, प्रवचनकार, भन्ते, मौलाना, फादर आणि मुनिमहाराज यांस,

सविनय प्रणाम.

मी या शहरातली एक निवृत्त बँक कर्मचारी. नोकरीचा बहुतेक काळ कर्ज विभागात गेला. धर्मशास्त्र शिकलेले नाही, पण ऐकायची आवड लहानपणापासून आहे. महालात वाढले, त्यामुळे चातुर्मासातली प्रवचनं, दसऱ्याला दीक्षाभूमीकडे निघालेली माणसं, ताजबागचा उरूस, सदरच्या चर्चसमोरची नाताळची गर्दी हे सगळं माझ्या ओळखीचं आहे. तुमचा शब्द इथं किती चालतो हे मी पाहिलं आहे. डॉक्टरांचं आणि पोराबाळांचंही न ऐकणारी माणसं तुमचं ऐकतात. म्हणून हे पत्र सरकारला किंवा कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

गेल्या काही महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, म्हणजे लोक ज्याला सरळ एआय म्हणतात त्याबद्दल, तुमच्यापैकी अनेकांचं बोलणं कानावर आलं. काही समोर बसून ऐकलं, बरंचसं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलं. एका मंगल कार्यालयातल्या प्रवचनात महाराज म्हणाले की यंत्राला आता स्वतःची इच्छा फुटली आहे, ते माणसाच्या हातात राहिलेलं नाही, आणि कलियुगात हे होणारच होतं. दुसऱ्या एका क्लिपमध्ये हेच दज्जालच्या, म्हणजे इस्लाममधल्या शेवटच्या काळातल्या महाठगाच्या, नावानं होतं. तिसरीत ख्रिस्तविरोधकाच्या आणि बायबलमधल्या ६६६ या अशुभ आकड्याच्या नावानं. धर्म वेगवेगळे, पण सांगणं एकच : मशीनला इच्छा आहे, माणसाच्या हाती मात्र काही नाही.

माझी हरकत याच सांगण्याला आहे. तुम्ही यंत्राला इच्छाशक्ती देऊन टाकता आणि समोर बसलेल्या माणसाकडून ती काढून घेता. तुमचेच ग्रंथ याच्या नेमकं उलट सांगतात, असं मला वाटतं.

भीती खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्या संशोधनावर आजची ही यंत्रं उभी आहेत त्या जेफ्री हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी गुगलची नोकरी सोडली, धोक्यांविषयी मोकळेपणानं बोलता यावं म्हणून. मे २०२३ मध्ये शेकडो शास्त्रज्ञांनी आणि खुद्द एआय कंपन्यांच्या प्रमुखांनी एका वाक्याच्या निवेदनावर सह्या केल्या. महासाथी आणि अणुयुद्ध यांच्याकडे जितक्या गांभीर्यानं पाहतो तितक्याच गांभीर्यानं या धोक्याकडे जगानं पाहावं, असं ते वाक्य होतं. तेव्हा इथला डीटीपीवाला, हिशेबनीस, भाषांतर करणारी मुलगी किंवा मिहानमध्ये नोकरीला लागलेला पोरगा घाबरला असेल तर त्याला वेड्यात काढता येत नाही. पण त्या निवेदनात भीतीनंतर एक मागणी होती : काहीतरी करा. तुमच्या मंडपात भीतीनंतर हात जोडले जातात आणि लोक चपला शोधायला उठतात.

आमच्या गल्लीत बारावीचा एक मुलगा आहे. गणितात चांगला. दिवाळीनंतर त्यानं क्लासला जाणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाला, "शिकून काय करू काकू, सगळं तं एआयच करणार आहे. नशिबात असन ते होईन." हे शेवटचं वाक्य त्याचं नाही. तो आजीसोबत प्रवचनाला जातो, तिथून ते आलं आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते ऐकलं आणि मला राहवलं नाही.

आधी यंत्राच्या इच्छेबद्दल बोलू. गप्पा मारणाऱ्या या एआयला माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर दाखवलेला असतो. त्यावरून ते मुळात एक गोष्ट शिकतं : इतके शब्द झाले, आता पुढं काय येण्याची शक्यता किती. कोट्यवधी आकड्यांचा हिशेब होतो, पुढचा तुकडा निवडला जातो, मग त्यापुढचा. निवड किती ठरावीक ठेवायची आणि किती मोकळी सोडायची याचाही एक आकडा असतो, आणि तो माणूस ठरवतो. "तुला मरणाची भीती वाटते का?" असं त्याला विचारलं तर ते माणसासारखं उत्तर देऊ शकतं, कारण मरणाबद्दल जे काही लिहिलं गेलं ते माणसांनीच लिहिलं आहे. अमुक उत्तर नेमकं कसं आलं हे बनवणाऱ्यांनाही पुष्कळदा उलगडून दाखवता येत नाही, ही मात्र खरोखर काळजीची गोष्ट आहे. पण धोका व्हायला इच्छा लागत नाही. नको ते काम सोपवलं आणि कुणी लक्ष ठेवलं नाही, एवढं पुरतं.

यंत्रात कधी काळी जीव येईल का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगनं १९५० सालच्या आपल्या लेखात धर्माच्या बाजूनं येणारा आक्षेप सगळ्यात आधी घेतला होता. विचार करणं हे आत्म्याचं काम आणि आत्मा देवानं फक्त माणसाला दिला, असा तो आक्षेप. ट्युरिंगचं उत्तर असं की, मग सर्वशक्तिमानाच्या शक्तीला आपणच मर्यादा घालतो आहोत. तुम्ही यावर जरूर वाद घाला. मला काळजी आहे ती आज मंडपात बसलेल्या माणसाची.

जैन आगमांपैकी उवासगदसाओ या ग्रंथात सद्दालपुत्त नावाच्या एका कुंभाराची कथा आहे. हा आजीवक पंथाचा. त्यांचे गुरू मक्खली गोसाल सांगायचे की सगळं नियतीनं ठरलेलं आहे, प्रयत्न, बळ, पराक्रम यांना काही अर्थ नाही. एकदा महावीर त्याच्या कर्मशाळेत आले, तेव्हा तो मडकी उन्हात वाळायला ठेवत होता. महावीरांनी विचारलं, ही कशी झाली? कुंभारानं सांगितलं, आधी माती होती, तिच्यात पाणी घातलं, राख आणि शेण मिसळलं, मळलं, चाकावर चढवलं. महावीर म्हणाले, मग ती प्रयत्नानं झाली की प्रयत्नावाचून? कुंभार आपल्या मताला जागला. म्हणाला, प्रयत्नावाचून, सगळं नियत असतं. तेव्हा महावीरांनी दुसरा प्रश्न केला : तुझी ही मडकी कुणी चोरली, फोडली, किंवा तुझ्या बायकोवर हात टाकला, तर तू काय करशील? कुंभार उसळून म्हणाला, त्याला शिव्या देईन, झोडपीन, जीवही घेईन. महावीर म्हणाले, पण तुझ्या मताप्रमाणे तर कुणी चोरलं नाही आणि कुणी फोडलं नाही. सगळं नियत होतं. मग मारतोस कुणाला?

माझ्या मते या विषयावर एवढं थेट बोलणं दुसरीकडे क्वचितच सापडेल. दुसऱ्याचं काही बिघडलं की आपण नियती म्हणतो. आपलं मडकं फुटलं की लगेच फोडणारा शोधतो.

याच गोसालाच्या मताबद्दल बुद्ध काय म्हणाले, ते भन्तेजींना मी सांगायला नको. विणलेल्या कपड्यांत केसांची कांबळ सगळ्यात वाईट, थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम. तसंच सगळ्या मतांत मक्खलीचं मत वाईट, कारण ते कर्म नाकारतं, क्रिया नाकारतं, वीर्य म्हणजे प्रयत्न नाकारतं. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातल्या तित्थायतन सुत्तात त्यांनी तीन मतं बाजूला काढली आहेत : माणसाला जे भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मामुळे, सगळं ईश्वराच्या निर्मितीमुळे, किंवा सगळं विनाकारण. तिन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होतो, म्हणाले. हे करावं आणि हे करू नये, असं वाटण्याची उर्मीच माणसात उरत नाही.

आणि हे नागपुरात सांगायची गरज का पडावी? १९३५ साली येवल्यात बाबासाहेब म्हणाले होते की कुठं जन्मलो ते माझ्या हाती नव्हतं, पण त्याच धर्मात मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते त्यांनी या शहरात करून दाखवलं, लाखो माणसांसोबत. त्याआधीच्या शेकडो वर्षांची सगळी माहिती कुणी आजच्या एखाद्या यंत्रात घातली असती आणि विचारलं असतं की ही माणसं पुढं काय करतील, तर उत्तर काय आलं असतं? जे आजवर करत आली तेच. त्या मैदानावर माणसांनी मागच्या सगळ्या हिशेबाला नाही म्हटलं. ज्या शहरात हे घडलं तिथं "हे होणारच होतं" असं माइकवरून सांगितलं जातं आणि कुणी हरकत घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता गीता. अठराव्या अध्यायातला ६१ वा श्लोक प्रवचनात नेहमी येतो. ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून, यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्यांना मायेनं फिरवतो. परवाच्या प्रवचनातही तो आला आणि बोलणं तिथंच थांबलं. दोन श्लोक पुढं गेलं की श्रीकृष्ण म्हणतात, मी सांगायचं ते सांगितलं, आता याचा पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. यथेच्छसि तथा कुरु. सातशे श्लोकांच्या उपदेशानंतर निर्णय अर्जुनाच्या हाती ठेवला आहे. ६१ वा सांगायचा आणि ६३ वा गाळायचा, हे अर्जुनावर अन्याय करणारं आहे.

त्याच अध्यायात १४ व्या श्लोकात कोणत्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवं दैव. दैव आहे, नाकारलेलं नाही, पण पाचातलं एक आहे. साधन वेगळं आणि कर्ता वेगळा. पुढं १६ व्या श्लोकात "मी एकटाच कर्ता" असं मानणाऱ्याला दुर्मती म्हटलं आहे, हे मला माहीत आहे. तो श्लोक अहंकाराला आवर घालतो. पाचांच्या यादीतून कर्त्याचं नाव काही तो खोडत नाही. एआय साधनांमध्ये बसतं. त्याला कर्त्याच्या जागी बसवायचं असेल तर कशाच्या आधारावर, ते महाराजांनी सांगावं.

सातव्या शतकात खलिफा उमर शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघाले होते. वाटेत कळलं की तिथं प्लेग पसरला आहे. सल्लामसलत करून ते मागं फिरले, तेव्हा तिथले सेनापती अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळून जाता? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. माणसाच्या हाती काही नाही म्हणणारे जबरिया आणि सगळं माणसाच्या हाती म्हणणारे कदरिया यांचा वाद, आणि अशअरी पंडितांनी काढलेली कस्बची, म्हणजे कमावण्याची, मधली वाट तुम्ही मौलाना मंडळी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणता. कर्म घडवतो अल्लाह, पण ते कमावतो माणूस, म्हणून जाब माणसालाच द्यायचा आहे. दज्जालच्या क्लिपमध्ये जाबाचं नाव नव्हतं.

फादरांना फार सांगत नाही, कारण त्यांच्याकडे तयार मजकूर आहे. ख्रिस्ती विद्वान इरॅस्मसनं १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, धर्मसुधारक ल्यूथरनं १५२५ मध्ये ती खोडून काढली. पण मोक्षाच्या बाबतीत माणसाला स्वातंत्र्य नाही म्हणणाऱ्या ल्यूथरनंसुद्धा पैसा, घर, रोजचे व्यवहार इथं ते मान्य केलं होतं. व्हॅटिकननं २८ जानेवारी २०२५ ला एआयवर सविस्तर टिपण काढलं. त्याच वर्षी मे महिन्यात नवे पोप निवडून आले तेव्हा त्यांनी लिओ हे नाव का घेतलं तेही सांगितलं. तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये कारखान्यांच्या युगात कामगारांची बाजू घेतली होती, आज एआयमुळे तसाच प्रश्न पुन्हा उभा आहे. हे सगळं हाताशी असताना आमच्यापर्यंत पोचतो तो ६६६.

आता एक प्रसंग सांगते. आमच्याकडे ब्लाउज शिवून देणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना पिकोफॉलची मशीन घ्यायची होती, थोडं कर्ज हवं होतं. मी निवृत्त बँकवाली म्हणून सोबत गेले. बँकेचं नाव इथं महत्त्वाचं नाही, कुठंही हेच झालं असतं. समोरचा मुलगा शांत स्वभावाचा होता. त्यानं आधार, पॅन, सगळं भरलं, बटण दाबलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. लाल पट्टी आली होती. म्हणाला, "मॅडम, सिस्टीम घेत नाही." बाईंनी विचारलं, "मी काय चुकवलं जी?" तो म्हणाला, "माझ्या हातात काही नाही ताई." बाई लगेच उठल्या, पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "चला, नशिबात नाही."

मी उठले नाही. त्या लाल पट्टीमागं काय असतं ते मी आतून पाहिलेलं आहे. किती गुणांच्या खाली नाही म्हणायचं हा आकडा एखाद्या बैठकीत ठरतो, त्यावर सह्या असतात. कोणत्या माहितीला किती वजन द्यायचं ते कुणीतरी ठरवतं. अपवाद करण्याचा अधिकार कुणाला, तेही लिहिलेलं असतं. कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवावं हा रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक आहे. मी लेखी कारण मागितलं. मुलगा आत गेला, बराच वेळानं व्यवस्थापकांना घेऊन आला. निघालं ते एवढंच : बाईंनी पूर्वी हप्त्यावर मोबाइल घेतला होता, सगळे हप्ते फेडले होते, पण ते खातं सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत बंद झालेलं दिसत नव्हतं. पत्र लिहिलं, नोंद दुरुस्त व्हायला दोन-अडीच महिने गेले, कर्ज मिळालं. मी सोबत नसते तर बाईंनी आयुष्यभर ते नशिबाच्या खात्यावर टाकलं असतं.

योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून वेगळं काही नाही, कालचा पुरुषार्थ म्हणजेच आजचं दैव. कालचा आणि आजचा हे दोन एडक्यांसारखे झुंजतात आणि ज्याचं बळ कमी तो माघार घेतो. मला हे या यंत्रांच्या बाबतीत अक्षरशः खरं वाटतं. एआयकडे असतं ते सगळं कालचं. आपण काल काय लिहिलं, काल काय फेडलं, आपल्यासारख्या माणसांनी काल काय केलं. त्यावरून ते सांगतं की उद्या ही बाई पैसे बुडवेल, हा मुलगा नापास होईल, या वस्तीत गुन्हा घडेल. गोसालाची नियती आता हिशेबात बसवून मिळते. तिच्यासमोर उभं राहून "थांबा, कारण दाखवा" म्हणायला आजचा एडका लागतो. आणि तुम्ही त्यालाच सांगता आहात की झुंजू नकोस.

ब्रिटनमध्ये याची फार मोठी किंमत मोजली गेली. तिथल्या पोस्टात होरायझन नावाची हिशेबाची संगणक प्रणाली होती. ती चुकीची तूट दाखवायची. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक पोस्ट चालवणाऱ्यांना चोरी आणि अफरातफरीसाठी दोषी ठरवलं गेलं. काहींना तुरुंगवास झाला, काहींनी आयुष्य संपवलं. कोर्टात संगणक बरोबरच आहे असं धरून चाललं जायचं. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. त्यात कुठलीही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, यंत्राला इच्छा फुटलेली नव्हती. "सिस्टीम म्हणते" यावर माणसांनी विश्वास ठेवला आणि प्रत्येकानं आपापला हात काढून घेतला.

आणि आपल्या जिल्ह्यातलं एक. ऑगस्ट २०२५ मध्ये, राखीपौर्णिमेच्या दिवशी, नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ एका ट्रकनं दुचाकीला धडक दिली. मागं बसलेली बायको जागीच गेली. नवऱ्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात केले, कुणी थांबलं नाही. शेवटी त्यानं तिचा देह दुचाकीला बांधून रस्ता धरला. तुम्हीही ते पाहिलं असेल. पुढं नागपूर ग्रामीण पोलिसांनी राज्य सरकारच्या मार्व्हल या एआय यंत्रणेला टोलनाक्यांवरचं चित्रण दिलं आणि ३६ तासांत ट्रक सापडला. वर्तमानपत्रांनी एआयचं कौतुक केलं, ते बरोबरच आहे. पण मला त्या गाड्या विसरता येत नाहीत. प्रत्येक गाडीत चालक होता, प्रत्येकाच्या पायाखाली ब्रेक होता. त्यांना कोणत्या यंत्रानं अडवलं नव्हतं. आणि ट्रक शोधायला लावणारासुद्धा एक माणूसच होता, कुणीतरी ठरवलं की हे सोडायचं नाही. उद्या त्याच कॅमेऱ्यांतून कुणावर नजर ठेवायची आणि कुणावर नाही, हेही माणूसच ठरवणार. इच्छास्वातंत्र्यावर प्रवचन करायला या एका घटनेत सगळं आहे. मी वाट पाहिली, माझ्या ऐकण्यात एकही आलं नाही.

तुमच्यापैकी काही म्हणतील, बाई प्रारब्धच नाकारते. नाही. आईवडील, जात, शरीर, बुद्धी, गाव, यातलं काहीच आपण निवडत नाही. मेंदूचे शास्त्रज्ञही आपल्या निवडीच्या मुळाशी असलेली कारणं दाखवतात. हा वाद अडीच हजार वर्षं चालला आहे आणि तो मिटवण्याचा वकूब माझ्यात नाही. पण सद्दालपुत्ताची कथा मिटवामिटवीची वाट बघत नाही. ज्याला मडकं फोडल्याबद्दल जाब विचारावासा वाटतो, त्यानं कर्ता मानलेलाच आहे.

आणखी एक गोष्ट मला टोचते. आता गीतेच्या नावानं प्रश्नोत्तरं करणारी एआयची ॲप्स निघाली आहेत, श्रीकृष्ण उत्तर देतोय अशा थाटात. २०२३ मध्येच त्यांतल्या काहींनी धर्मासाठी मारणं योग्य आहे अशी उत्तरं दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. इतर धर्मांच्या नावानंही असं निघतं आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी सासरी परत जावं की नाही हे रात्री दोन वाजता फोनला विचारत होती. तिला विचारायला माणूस मिळाला नाही, हे आपल्या सगळ्यांचं अपयश आहे, तुमचं थोडं जास्त, कारण तुमची दारं उघडी असतात असं तुम्ही सांगता. तुम्ही यंत्राला कलीचा अवतार म्हणता तेव्हा तिची भीती वाढते, पण फोन हातातून सुटत नाही. तुमच्यापैकी कुणी तिच्यासमोर बसून तिचं सगळं ऐकून घेतलं असतं आणि मग "पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर" म्हटलं असतं, तर तेच गीतेचं काम झालं असतं.

नागपूरला हे नवीन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढतो, इडापिडा घेऊन जायला सांगतो, पण सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे दुसऱ्या पुतळ्यांवर, नावं लिहिलेली असतात. महागाई कुणी वाढवली, पैसा कुणी खाल्ला, ते या शहरात रस्त्यावर ओरडून सांगितलं जातं. पिडा कुणामुळे आली हे विचारण्याची सवय आपल्या रक्तात आहे. धर्मपीठांवरून तिला बळ मिळावं.

माझं मागणं असं आहे. चातुर्मासात, वर्षावासात, जुम्याच्या खुतब्यात, रविवारच्या मिस्सेत, तुम्हाला सोयीचा असेल असा एक दिवस या विषयाला द्या. यंत्राला इच्छा आहे हे सांगणं थांबवा, जोवर तुम्हाला ते खरंच ठाऊक नाही. "होणारच होतं" हे वाक्य नोकरी गेलेल्या माणसाला सांगू नका. ती कुणीतरी काढली, कुणीतरी ठरवून काढली, आणि ते ठरवणाऱ्याला विचारता येतं. रिझर्व्ह बँकेच्या समितीनं ऑगस्ट २०२५ मध्ये एआयबद्दल जो अहवाल दिला त्यात सात सूत्रं आहेत, त्यांतलं एक उत्तरदायित्वाचं आहे. तुमच्या व्यासपीठावर एकदा बँकेच्या माणसाला बोलवा, पोलिसांना बोलवा, ट्रिपल आयटी किंवा व्हीएनआयटीतल्या प्राध्यापकांना बोलवा, कंपनीतल्या मुलांना बोलवा. भक्तांसमोर विचारा, या यंत्रानं चूक केली तर जाब कुणी द्यायचा, नाव सांगा. तुमच्यासमोर खोटं बोलायला माणूस अजून कचरतो. त्याचा एवढा उपयोग करून घ्या.

आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. आमच्या गल्लीतल्या मुलाला मी सद्दालपुत्ताची कथा सांगितली, त्यानं ऐकून घेतली. पण आजी ज्यांचं ऐकते त्यांनी सांगितलं तर तो परत क्लासला जाईल, असं मला वाटतं. परीक्षेआधी एखादं प्रवचन या विषयावर होणार असेल तर दिवस आणि जागा जाहीर करा. मी त्याला आणि त्याच्या आजीला घेऊन येते.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
महाल, नागपूर